चौथ्या आणि पाचव्या ओवीच्या मधे

बायबलमधले तेरावे स्तोत्र सहा ओव्यांचे, म्हणजे सहा वचनांचे आहे. सावकाश वाचले तरी मिनिटभरात संपते. पहिल्या दोन ओव्यांत एकच प्रश्न चार वेळा येतो: कोठवर? तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणी आहे. माझ्याकडे पाहा, उत्तर दे, नाहीतर मी मरणाची झोप झोपेन आणि माझा वैरी म्हणेल की मी याला हरवले. पाचव्या ओवीत स्वर एकदम पालटतो. भरवसा येतो, उल्लास येतो आणि सहाव्या ओवीत तर गाणेच. हा माणूस चौथ्या ओवीतून पाचवीत कसा पोहोचला, याविषयी स्तोत्र एक अक्षर बोलत नाही.

योआखिम बेग्रिख या जर्मन अभ्यासकाने १९३४ साली याचा एक उलगडा मांडला. मंदिरात उभ्या असलेल्या दुःखिताची कैफियत संपली की याजक देवाच्या वतीने 'भिऊ नको' असा शब्द देत असे. तो शब्द स्तोत्रात लिहिला गेला नाही, पण पुढच्या ओव्या त्यालाच उत्तर आहेत, असे त्याचे म्हणणे. पुढच्या बऱ्याच अभ्यासकांना ते पटले नाही. याजक बोलला असेल, रात्र गेली असेल किंवा काहीच न घडता माणूस नुसता थांबला असेल. त्या दोन ओव्यांच्या मधे एक जागा आहे, एवढे मात्र कोणालाही दिसते.

मराठी ख्रिस्ती उपासनेतून ती जागा गेली आहे, असा आमचा आक्षेप आहे. अंत्यविधी असो, स्मरणसभा असो की गुड फ्रायडे, चौथी ओवी पुरी व्हायच्या आत आपण पाचवी सुरू करतो. पुष्कळदा पहिल्या चार वाचल्याच जात नाहीत. याला कुणी आवडीनिवडीचा किंवा पाळकाच्या स्वभावाचा प्रश्न म्हणेल. आमच्या मते ही श्रद्धेतली उणीव आहे, आणि ती उपासनेचा क्रम ठरवणारेच भरून काढू शकतात.

प्रोटेस्टंट मंडळीतला नेहमीचा अंत्यविधी पाहा. घरी छोटी प्रार्थना, मग चर्चमध्ये गीत, तेविसावे स्तोत्र, योहानाच्या चौदाव्या अध्यायातल्या पहिल्या ओव्या, पहिल्या करिंथकरांसच्या पंधराव्या अध्यायातला पुनरुत्थानाचा भाग, संदेश, चार-पाच जणांची श्रद्धांजलीची भाषणे. दफनभूमीत मातीला माती, राखेला राख, मूठमाती, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. यातले एकही वाचन चुकीचे नाही. पण तिन्ही उत्तरे आहेत. मेंढपाळ सोबत आहे, पित्याच्या घरी जागा आहे, मरण गिळले गेले आहे. ज्या प्रश्नाची ही उत्तरे, तो प्रश्न त्या दीड तासात कुणी मोठ्याने विचारतच नाही. शवपेटीजवळ बसलेल्या बाईच्या मनात दुसरे काहीही नसते, आणि चर्चमध्ये त्याला जागा नाही हे तिला लगेच कळते.

वर पुन्हा लोकांची वाक्ये असतात. रडू नका, तो प्रभूजवळ गेला. देवाने आपल्या बागेतले फूल नेले. तुम्ही विश्वासी माणसे, तुम्हीच खचलात तर बाहेरच्यांना काय साक्ष राहील? या सगळ्याला आधार म्हणून पहिले थेस्सलनीकाकरांस ४:१३ पुढे केले जाते. तिथे पौल सांगतो की ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा खेद करू नका. 'इतरांसारखा' हा शब्द गिळून टाकला तरच त्यातून रडण्याची बंदी निघते. तोच पौल रोमकरांस पत्रात रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगतो. बेथानीत लाजर चार दिवस कबरेत होता. आपण त्याला उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होते, तरी तो रडला. पुनरुत्थानाची खात्री असलेल्याने रडावे की नाही, हा वाद निदान ख्रिस्ती माणसासाठी तिथेच मिटायला हवा होता.

ही सवय निव्वळ कठोरपणातून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर, जालना, मुंबई, पुणे या भागांत ज्या घरांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांना आपले मरण वेगळे आहे हे भावकीला आणि गावाला दाखवायचे होते. ज्या जातीने वाळीत टाकले तिच्यासमोर शवपेटीमागून गात जाणे हे धैर्य होते. कोणी खांदा द्यायला येईल की नाही याची खात्री नसताना मंडळी गात होती. त्या गाण्याची किंमत आम्हाला कळते. फक्त आज ती परिस्थिती उरलेली नाही. साक्ष म्हणून सुरू झालेली गोष्ट आता नियम झाली आहे, आणि नियम म्हटला की तो सर्वांत कमकुवत माणसावर पडतो.

खरे म्हणजे देवाशी भांडायला मराठी ख्रिस्ती माणसाला कुठून काही उसने आणावे लागत नाही. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत राहिले. दुष्काळात बायको-मूल गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाला जे सुनावले, ते ऐकत वाढलेल्या समाजाला 'कोठवर' हा प्रश्न परका कसा असेल? टिळकांनी अभंग उपासनेत आणला. आपण त्यातली भक्ती ठेवली, भांडण मात्र मागे सोडले. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर याहून जवळचे. दुष्काळाच्या वर्षांत आई, वडील आणि बहीण गेली. पुढे १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. आणि १९२१ साली मनोरमा, एकुलती एक मुलगी. पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्या वर्षानुवर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणत होत्या. उपासमारीने कोसळलेल्या शहराचा शोक करणारे विलापगीत हे बायबलमधले पुस्तक मराठीत लिहिणाऱ्या बाईने उपासमार अंगावर झेललेली होती.

विलापगीताचे आपण काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे. पाच अध्याय: २२, २२, ६६, २२ आणि २२ ओव्या, एकूण १५४. त्यातल्या दोन आपल्याला तोंडपाठ आहेत, तिसऱ्या अध्यायातल्या २२ आणि २३: परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते. ख्रिस्ती घरातल्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, चर्चच्या फळ्यावर हीच दोन वाक्ये. उरलेल्या १५२ ओव्या कुठल्या रविवारी वाचल्या जातात? आणि ही आशा पुस्तकाच्या शेवटी नाही, मधे आहे. तिच्यानंतर दोन अध्याय पुन्हा काळोखात उतरतात, आणि शेवट असा की देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय, या शंकेवर पुस्तक थांबते. यहुदी सभास्थानात हे वाचताना शेवटच्या ओवीनंतर तिच्या आधीची ओवी पुन्हा म्हणतात, म्हणजे लोक अगदी त्या वाक्यावर घरी जात नाहीत. पण ते संपूर्ण वाचतात. आपण मधला गोड घास तेवढा उचलतो.

स्तोत्रांचेही तेच. १५० पैकी एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत. बहुतेकांत वळण येते, पण अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात ते येतच नाही. अठरा ओव्या, आणि शेवटचा शब्द अंधाराचा. कॅथोलिक दैनंदिन प्रार्थनेत दर शुक्रवारी रात्री झोपण्याआधी हेच स्तोत्र येते, हे फार कमी जणांना ठाऊक असते, कारण ती प्रार्थना मुख्यतः धर्मगुरू आणि भगिनी म्हणतात. त्याच प्रार्थनापुस्तकाने १९७१ साली ५८, ८३ आणि १०९ ही शापाची तीन स्तोत्रे वगळली. वगळण्याचे कारण समजते. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या तोंडातला राग काढून घेतला की तो राग विरतो असे नाही. तो चर्चच्या बाहेर जातो, आणि कधी कधी माणूसही त्याच्यामागे जातो.

आता गुड फ्रायडे. बारा ते तीन चालणारी, क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत इतकी रुजली आहे की ती प्रेषितांच्या काळापासूनची वाटावी. प्रत्यक्षात ती सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरूमधल्या लिमा शहरात आलोन्सो मेसिया या जेजुइट धर्मगुरूने बसवली. त्या रचनेत प्रत्येक उद्गारानंतर लोक गुडघे टेकून मननाला बसत. आपण सात उद्गार घेतले, मनन सोडले, आणि त्या जागी सात वक्ते आणले. प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटे, मधे गीत, मधे अर्पण. तीन तासांत तीन मिनिटेही गप्प बसणे नाही. पाचव्या वक्त्यापर्यंत लोक घड्याळ पाहू लागतात आणि सातव्याला वेळ उरत नाही, म्हणून तो उभ्या-उभ्या आटोपतो.

यातला चौथा उद्गार म्हणजे बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओवी: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ज्याच्या वाट्याला हा उद्गार येतो, तो वक्ता बहुतेकदा पंधरा मिनिटे हा प्रश्न खरा प्रश्न नव्हता हेच पटवून देत असतो. पापाचा भार होता, पित्याने क्षणभर मुख फिरवले, पण घाबरू नका, रविवार येतोय. देवपुत्राच्या तोंडून निघालेला प्रश्नसुद्धा आपल्याला दोन मिनिटे उघडा ठेवता येत नाही.

बदल अवघड नाही. सहा उद्गारांना प्रत्येकी सतरा मिनिटे धरा: वाचन दोन, बोलणे आठ, मौन तीन, गीत चार. चौथ्याला भाषण देऊ नका. बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या २१ ओव्या एकाने चार मिनिटांत वाचाव्यात, बाविसावी सुरू करू नये आणि आठ मिनिटे बसावे. एकूण झाली ११४ मिनिटे. सुरुवात आणि शेवट धरून सव्वादोन तासांत सगळे होते. उरलेला पाऊण तास चर्च उघडे राहू द्या. ज्याला बसायचे तो बसेल. आठ मिनिटांत बोलायचे म्हटल्यावर वक्तेही नेमके बोलतात, हा वरचा फायदा.

कॅथोलिक उपासनेचा आराखडा या बाबतीत शहाणा आहे. पवित्र गुरुवारी ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर घंटा थांबतात त्या शनिवारी रात्रीच्या पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणविधीपर्यंत. गोव्यात त्या दिवसांत घंटेऐवजी मात्राक हे लाकडी वाद्य वाजते. शुक्रवारी धर्मगुरू गीताविना येतो, उघड्या वेदीपुढे पालथा पडतो, अभिवादनाविना प्रार्थना सुरू होते, आणि शेवटी लोक बोलल्याशिवाय पांगतात. शनिवारी रात्रीपर्यंत मिस्सा नाही. कागदावर हे सारे उत्तम आहे. व्यवहारात मात्र शनिवार म्हणजे झाडलोट, फुलांच्या कमानी, गायकवृंदाची तालीम आणि माईकची चाचणी. वर्षातल्या ज्या एका दिवशी चर्चने कबरेपाशी बसायचे, त्या दिवशी सर्वांत जास्त गडबड. सजावट दुपारी तीननंतर सुरू केली तरी रात्रीपर्यंत होते. सकाळचे दोन तास राखून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

अंत्यविधीच्या मिस्सेतही नियम स्पष्ट आहे: प्रवचन थोडक्यात असावे आणि त्याचे गौरवाचे भाषण होऊ नये. शेवटच्या निरोपाआधी एखाद्याने चार शब्द बोलायची मुभा आहे, आणि त्या मुभेतून नगरसेवक, पतपेढीचे अध्यक्ष, शाळेचे माजी मुख्याध्यापक असे सगळे आत येतात. दोष धर्मगुरूंचा एकट्याचा नाही. गावात कुणाला नाही म्हणायचे, हा खरा प्रश्न असतो. 'बोलायचे ते घरी किंवा दफनभूमीबाहेर' असा ठराव पॅरिश कौन्सिलने एकदा केला, की तो नकार धर्मगुरूच्या माथी राहत नाही.

मौन पाळायचे म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. 'दोन मिनिटे शांत राहू या' म्हणायचे आणि पंचविसाव्या सेकंदाला 'आमेन' म्हणायचे, याला मौन म्हणत नाहीत. पहिली तीस-चाळीस सेकंदे खोकण्यात, बाक करकरण्यात आणि पिशव्या सारण्यातच जातात. खरी शांतता त्यानंतर उतरते, म्हणून लहान-लहान तुकड्यांचे मौन फुकट जाते. फ्रान्समधल्या तेझे इथल्या बंधुसंघाचा सल्ला असा की अनेक छोट्या थांब्यांपेक्षा प्रार्थनेच्या मधोमध पाच ते दहा मिनिटांचे एकच मौन ठेवावे, आणि सवय नसलेल्यांना आधी दोन वाक्यांत समजावून सांगावे. आपल्या मंडळीत पाचपासून सुरुवात करावी.

किती मिनिटे, हे आधी सांगा. न सांगितल्यास लोक प्रार्थना करत नाहीत, पाळक विसरला की काय असा विचार करतात. घड्याळ एका माणसाच्या हाती द्या. तो पाळक नसावा, कारण शांततेची सर्वांत जास्त भीती पाळकालाच असते, आणि ती तो 'आपण प्रार्थना करू या' म्हणून मोडतो. शेवट छोट्या घंटेने करावा, आवाजाने नको. मौन चालू असताना माईकवरून सूचना देऊ नयेत: आता आपल्या पापांचा विचार करा, आता कुटुंबाला आठवा, असे तर मुळीच नाही. माईक बंदच करावा. स्पीकरची घरघर एरवी जाणवत नाही, शांततेत ती सगळ्यांच्या डोक्यात बसते. पंखे मे महिन्यातही बंद करू नका, घामाने जीव कासावीस झाला तर कुणी मनन करणार नाही. पोरे आवाज करणारच. त्यांच्या आयांनी उठून बाहेर जाऊ नये, हेही आधीच सांगून टाकावे.

की-बोर्ड वाजवणारा मुलगा ही वेगळी बाब आहे. त्याला शिकवलेच असते की शांतता म्हणजे चूक झाली. म्हणून तो एक सूर धरून ठेवतो. त्या सुरावर लोकांचे मन वाहत जाते, भावना हळूहळू वर चढते, आणि ज्याला आतून काहीच वाटत नाही अशा दुःखिताला आपण कमी पडतोय असे वाटू लागते. मौनात वाद्य नको. उपासना ऑनलाइन दाखवत असाल तर पडद्यावर 'पाच मिनिटे मौन' अशी पट्टी ठेवा, नाहीतर घरचे लोक आवाज गेला म्हणून फोन करतात.

रडू आले तर? येऊ द्यावे. साधारण तिसऱ्या मिनिटाला कुठेतरी हुंदका फुटतो आणि लगेच दोन भगिनी उठून त्या बाईच्या पाठीवर हात फिरवायला धावतात. हेतू चांगला असतो. परिणाम असा की सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे जाते आणि ती डोळे पुसून 'ठीक आहे' म्हणते. शेजारच्याने शेजारीच बसून राहावे. दाराजवळ पाणी ठेवावे आणि एखादे वडीलधारे माणूस बसवावे, म्हणजे कुणाला बाहेर पडायचे असेल तर एकट्याने जावे लागत नाही.

काही पाळकांचा आक्षेप आहे की हे सारे ध्यानधारणेचे, विपश्यनेचे प्रकार, रिकाम्या मनात सैतान शिरतो. या आक्षेपाला उत्तर द्यायलाच हवे, कारण तो मनापासूनचा आहे. मौनात मन रिकामे करायचे नसते. समोर कुणीतरी आहे हे धरून बोलणे थांबवायचे असते. प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात स्वर्गातसुद्धा सुमारे अर्धा तास शांतता होते. ईयोबाच्या पुस्तकात सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र, एलीफज, बिल्दद आणि सोफर, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या हातून झालेली ही एकमेव चांगली गोष्ट. पुढचे पस्तीस अध्याय माणसांच्या बोलण्याचे आहेत, आणि मित्रांनी देवाची बाजू इतकी सफाईने मांडली आहे की त्यांतली वाक्ये आजही अंत्यविधीच्या संदेशात सहज खपतात. शेवटी देव रागावला तो या मित्रांवर. तक्रार करणारा ईयोब आपल्याविषयी नीट बोलला, असे त्याने सांगितले. देवाची वकिली करायला उठणाऱ्या प्रत्येकाने बेचाळिसाव्या अध्यायाची सातवी ओवी आधी वाचावी.

मात्र सगळे मौन चांगले नसते. आपल्या मंडळ्यांत एक मौन भरपूर आहे, लाजेचे. आत्महत्या झाली की पाळक 'अचानक निधन' म्हणतो आणि विधी अर्ध्या तासात उरकतो. यामागे जुने नियम आहेत. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात स्वतःचा जीव घेणाऱ्यासाठी दफनविधी वापरू नये अशी सूचना होती. १९१७ च्या कॅथोलिक धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेत तो उल्लेख उरला नाही. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे ११५ वे कलमही असे धरते की जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र तणावाखाली होता. कायदा बदलला, धर्मसंहिता बदलली, गल्लीतली कुजबुज तेवढी राहिली. अशा वेळी घरच्यांना विचारून, त्यांनी हो म्हटले तर, प्रार्थनेत साधे वाक्य यावे: आमच्या या भावाचे मरण आम्ही तुझ्यापुढे आणतो, असे का झाले ते आम्हाला कळत नाही, त्याच्या वेदना आम्हाला दिसल्या नाहीत. ते नाही म्हणाले तर कारण बोलू नये, पण विधीतला एकही भाग कमी करू नये. गर्भपातात किंवा जन्मताच गेलेल्या बाळाविषयीही तेच. बहुतेक मंडळ्यांत त्यासाठी कसलाच विधी होत नाही, म्हणून आई-बापाला शोक करायला तारीखही मिळत नाही.

आणि एक शोक तर अख्ख्या समाजाचा राहून गेला आहे. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले की कोविडने गेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहन होईल. काही तासांत ते बदलून अटींवर दफनाची मुभा दिली गेली, पण त्या तासांत किती घरे हादरली असतील. पुढे अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली. त्या वर्षीचा गुड फ्रायडे १० एप्रिलला, बंद दारांआड गेला. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तर पेटी उघडून तोंड पाहणेही अनेकांच्या नशिबी नव्हते. दारे उघडली तेव्हा आपण उपकारस्तुतीच्या उपासना घेतल्या: प्रभूने आम्हाला राखले. बाकावर ज्याच्या घरचा माणूस राखला गेला नव्हता, तो ते ऐकत होता.

त्यांची नावे अजूनही वाचता येतील. कॅथोलिक २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण करतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी त्याच आठवड्यातला रविवार घ्यावा. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, हा जुना मतभेद इथे आड येण्याचे कारण नाही. नाव वाचणे म्हणजे मृतासाठी मध्यस्थी नव्हे, मागे राहिलेल्यांचा शोक देवापुढे मांडणे आहे. दोन आठवडे आधी वही ठेवा आणि नावे घरच्यांनीच लिहावीत. पदव्या, हुद्दे नकोत, लहान मुलांची नावे त्याच ओळीत. एका नावाला सहा सेकंद धरली तर साठ नावांना सहा मिनिटे लागतात. वाचणाऱ्याने आदल्या दिवशी मोठ्याने वाचून पाहावे, कारण आडनाव चुकले तर त्या घराला ते वर्षभर टोचते. एखादे नाव राहतेच. म्हणून शेवटी थांबून, ज्यांची नावे वहीत आली नाहीत ती लोकांनी जागेवरून म्हणावीत.

गायचे काय, हाही प्रश्न आहे. आपल्या गीतसंग्रहांत सांत्वनाची गीते भरपूर आहेत, तक्रारीची शोधावी लागतात. तरुणांच्या हिंदी-इंग्रजी गीतांत विजयच विजय असतो, पण त्यात त्यांची काय चूक, त्यांना मिळाले ते ते गातात. ओवी हा गायचा छंद आपल्या हाताशी आहे. फादर स्टीफन्सने १६१६ साली ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली, आणि जात्यावरच्या बायकांनी त्याच्या कितीतरी आधीपासून सासुरवास आणि मरण ओवीतच सांगितले. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या चार ओव्या याच चालीत दोघी जणींनी म्हणाव्यात, ढोलकी-तबल्याशिवाय. ताल आला की लय आपोआप वाढते आणि विलापाचे भजन होऊन जाते. मग पाच मिनिटे मौन. मग पाचवी-सहावी ओवी, आणि ती सगळ्या मंडळीने म्हणायची, दुःखाच्या घरच्यांनी म्हटली नाही तरी चालेल. या क्रमात आपण आशाच सोडून दिली असा आक्षेप घेणाऱ्यांना हेच सांगता येईल: स्तोत्रातला 'मी' आजवर हजारो लोकांनी मिळून म्हटला आहे. ज्याचा आवाज फुटत नाही त्याच्या वतीने शेजारच्याने भरवसा म्हणावा, यासाठीच तर मंडळी असते.

पहिल्यांदाच करत असाल तर कुणाच्या अंत्यविधीत करू नका. ताज्या दुःखात माणसाला ओळखीचा क्रम लागतो, त्या दिवशी प्रयोग नकोत. दुःखसप्ताहातली बुधवारची संध्याकाळ चांगली. लोक कमी येतात आणि येतात ते बसायच्या तयारीने येतात. चाळीस-पंचेचाळीस मिनिटे पुरेत: तेरावे स्तोत्र, मौन, विलापगीताचा पाचवा अध्याय सलग, पुन्हा मौन, प्रभूची प्रार्थना. संदेश नको. दोन-तीन वर्षे असे झाले की एखादे घर स्वतःहून विचारील, आमच्या बाबांच्या वेळी हे करता येईल का. आणि हो, आदल्या रविवारी की-बोर्ड वाजवणाऱ्या मुलाशी बोलून ठेवा.